चालतंय की!

'चालतंय की' या दोन शब्दांवर कोल्हापूरचा निम्मा कारभार चालतो. जेवायला थांबतोस का? चालतंय की. पैसे उद्या दिले तर? चालतंय की. एका गाडीवर तिघं बसू? चालतंय की! पुण्यात आयटीत इतकी वर्षं काढल्यावर आणि 'कॅलेंडर बघून सांगतो' ऐकून कान किटल्यावर तर हे दोन शब्द मला अमृतासारखे वाटतात. तरी आज त्यांच्याविरुद्ध लिहायला बसलोय. सरसकट नाही. फक्त एका ठिकाणी त्यांना बंदी असावी असं माझं मत आहे. ते ठिकाण म्हणजे बॅटरीच्या जाड केबलचं टोक आणि त्यावर बसवलेलं तांब्याचं थिंबल यांच्यातला इंच-दीड इंचाचा सांधा.

हा काय लेखाचा विषय झाला का, असं वाटत असेल तर जरा थांबा. वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरात इन्व्हर्टर असेल आणि उरलेल्यांच्या मनात कॅम्परव्हॅन असेल :) दोन्हीकडे हाच सांधा असतो.

तर झालं असं. कोल्हापूरच्या माझ्या एका मित्राने सेकंडहँड ट्रॅव्हलर घेतली. मागच्या सीटा काढल्या. प्लायचा पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी, टपावर सोलर पॅनेल आणि पलंगाखाली लिथियमची मोठी बॅटरी असा सगळा संसार मांडला. आई-वडील, बायको आणि सहा वर्षांची मुलगी यांना घेऊन घाट उतरायचा आणि कोकणात मन मानेल तिथे मुक्काम ठोकायचा, अशी त्याची कल्पना. मी या प्रकल्पाचा स्वयंघोषित सल्लागार. म्हणजे शनिवारी सकाळी पुण्याहून निघायचं, दुपारी उद्यमनगरात पोचायचं, चहा प्यायचा आणि मतं द्यायची.

गाडीत गॅसचा सिलिंडर नको म्हणून स्वयंपाक इंडक्शनवर करायचं ठरलं. खरं गणित इथून सुरू होतं.

इंडक्शन शेगडी १८०० वॅटची. घरात २३० व्होल्टवर ती पावणेआठ अँपिअर ओढते. साध्या प्लगमधून, करंगळीपेक्षा बारीक वायरने हे काम आरामात होतं. गाडीत मात्र बॅटरी बारा व्होल्टची, म्हणजे लिथियमची धरली तर १२.८. त्यात इन्व्हर्टर स्वतःसाठी साधारण दहा टक्के खातो. म्हणजे तीच शेगडी, तोच रस्सा, पण बॅटरीच्या केबलमधून जाणार सुमारे १५५ अँपिअर. घरच्या वीसपट. आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढते हे आपण शाळेत घोकलेलं आहे. करंट वीसपट झाला की त्याच सांध्यात तापणं चारशेपट होतं.

आता असं समजा की थिंबल आणि केबल यांच्यातल्या सांध्याचा रोध एक मिलिओहम आहे. एक ओहमचा हजारावा भाग. बाजारात मिळणाऱ्या साध्या मल्टिमीटरला तो दिसणारसुद्धा नाही. १५५ चा वर्ग गुणिले एक मिलिओहम, म्हणजे २४ वॅट. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या टेबलावर जे साधं सोल्डरिंग आयर्न असतं ते २५ वॅटचं असतं. म्हणजे एक चालू सोल्डरिंग आयर्न प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये गुंडाळायचं, प्लायच्या पलंगाखाली ठेवायचं आणि वर सहा वर्षांच्या मुलीला झोपवायचं. मिलिओहम हा शब्द ऐकायला किती निरुपद्रवी वाटतो नाही?

पहिल्यांदा हे काम एका गॅरेजमध्ये झालं. नाव घेत नाही, घेण्यात अर्थही नाही, कारण असंच काम गावोगावी चालतं. मिस्त्रींनी ५० स्क्वेअर एमएमची केबल सोलली, तार थिंबलमध्ये नीट जाईना म्हणून पाच-पंचवीस तारा पक्कडीने कापून टाकल्या, थिंबल ऐरणीवर ठेवून छिन्नीने दोन घाव घातले, गॅसच्या टॉर्चने तापवून वरून सोल्डर ओतलं आणि काळी स्लीव्ह चढवली. दिसायला एकदम फर्स्टक्लास. मित्राने जरा शंका काढली तर मिस्त्री म्हणाले, "सायेब, वडून बघा की! हत्ती बांधला तरी निघायचं न्हाई. घाबरालाय कशाला?"

आम्ही ओढून बघितलं. खरंच निघालं नाही.

इथे मला मिस्त्रींची बाजू आधी मांडायची आहे, कारण आपण लॅपटॉपवाली मंडळी अशा वेळी फार पटकन 'अडाणी काम' म्हणून मोकळे होतो. मिस्त्रींचा तीस वर्षांचा अनुभव खोटा नव्हता. ट्रकच्या स्टार्टरच्या केबली त्यांनी अशाच ठोकल्या आहेत आणि त्या वर्षानुवर्षं चालल्या आहेत. स्टार्टर तर इंडक्शनपेक्षाही जास्त करंट ओढतो. पण किती वेळ? दोन-तीन सेकंद. इंजिन सुरू झालं की काम संपलं. तेवढ्या वेळात वाईट सांधासुद्धा जेमतेम कोमट होतो आणि पुढे दिवसभर थंड होत राहतो. इंडक्शन मात्र अर्धा-पाऊण तास सलग ओढणार. रस्सा तीन सेकंदांत होत नाही. मिस्त्रींच्या अनुभवात वेळ हा मुद्दा कधी आलेलाच नव्हता, कारण त्यांच्या गिऱ्हाइकांच्या गाड्यांत तो नव्हता.

आपल्या धंद्यातही हेच होतं. पाच रेकॉर्डवर तपासलेला प्रोग्राम पाच लाखांवर झोपतो आणि लिहिणारा शपथेवर सांगतो की 'माझ्या मशिनवर चालतंय'. हे वाक्य म्हणजे 'चालतंय की'चं आयटीतलं भाषांतर. दोन्ही वाक्यं बोलणारा खोटं बोलत नसतो. त्याने तपासलेली परिस्थिती वेगळी असते, एवढंच.

सुदैवाने घरच्यांना घेऊन जायच्या आधी आम्ही दोघेच आंबोलीला एक मुक्काम करून आलो. भात झाला, रस्सा चढवला, आणि अर्ध्या तासाने प्लास्टिक जळाल्याचा वास. शेगडी बंद केली, पलंगाची फळी उचलली. धनटोकाच्या थिंबलवरची स्लीव्ह तपकिरी पडून आक्रसली होती. आग वगैरे काही नाही. पण त्याच वेळी मित्राच्या फोनवर बॅटरीचं ॲप उघडं होतं आणि त्यात सगळं हिरवंगार! सेल ठीक, तापमान ठीक, करंट ठीक.

हा लेख लिहायचं खरं कारण ते हिरवं ॲप. बहुतेकांची समजूत अशी असते की काही गडबड झाली तर फ्यूज उडेल. फ्यूज उडतो करंट मर्यादेबाहेर गेला तर. शॉर्टसर्किट झालं तर लिथियमची बॅटरी हजारो अँपिअर फेकू शकते आणि तिथे फ्यूज जीव वाचवतो, त्याबद्दल वादच नाही. पण वाईट सांध्यातून जाणारा करंट मर्यादेतलाच असतो. फ्यूज २०० अँपिअरचा, करंट १५५ चा. फ्यूजच्या दृष्टीने सगळं आलबेल. बॅटरीतलं बीएमएस बघतं ते सेलकडे, आणि सेल बिचारे थंडगार असतात. तापत असतं ते मधलंच दीड इंच, आणि तिथे कुणीही पहारा देत नसतं. आपल्या भाषेत सांगायचं तर एरर येत नाही, लॉगमध्ये ओळ पडत नाही, डॅशबोर्ड हिरवा असतो आणि सर्व्हर रूममधून धूर निघत असतो.

याहून वाईट म्हणजे इन्व्हर्टरला शेगडीला लागणारे वॅट काहीही करून पुरवायचे असतात. सांध्यात व्होल्टेज पडलं की तो तेवढेच वॅट मिळवायला आणखी करंट ओढतो. करंट वाढला की सांधा आणखी तापतो, तापला की तांब्यावर ऑक्साइड वाढतं आणि रोध आणखी वाढतो. सर्व्हर हळू झाला म्हणून सगळ्यांनी एकदम रिफ्रेश दाबत सुटावं, तसला हा प्रकार.

परत आल्यावर आम्ही एक गोष्ट केली जी गॅरेजमध्ये कुणी करत नाही. मोजलं. मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवला, एक टोक थिंबलच्या पानावर, दुसरं टोक थिंबलच्या लगेच मागे केबलमध्ये सुई टोचून तिला लावलं, आणि शेगडी एक मिनिट पूर्ण चालू केली. १४० मिलिव्होल्ट. गुणिले १५५ अँपिअर, म्हणजे जवळजवळ २२ वॅट एका थिंबलमध्ये. मग ते थिंबल हॅक्सॉने मधोमध आडवं कापलं. वरच्या बाजूला सोल्डरची चकचकीत साय, खाली पोकळी, आणि पोकळीत काळ्या पडलेल्या सुट्या तारा.

हे दृश्य कोल्हापूरकराला नवीन नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमध्ये गाड्यांचे सुटे भाग ओततात. तिथे कास्टिंग वरून कितीही गुळगुळीत दिसलं तरी आत ब्लो होल निघालं की माल रिजेक्ट. तिथला कुठलाही सुपरवायझर 'ओढून बघा, निघत नाही' म्हणून कास्टिंग पास करत नाही. तो कापून बघतो, मोजतो. गाडीच्या इंजिनातल्या लोखंडाला जो न्याय, तो पलंगाखालच्या तांब्याला का नसावा?

सोल्डरबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण 'डाख दिला म्हणजे पक्कं' हा समज आपल्याकडे खोल रुजलाय. लहान सर्किटवर सोल्डर उत्तमच. पण ५० स्क्वेअरच्या केबलला ते आतपर्यंत पोचवायला इतकी उष्णता द्यावी लागते की केबलचं प्लास्टिक आधी वितळू लागतं. दुसरं, सोल्डर तारांमधून वर चढतं आणि मऊ केबलचा तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो. मग गाडीच्या धक्क्यांनी तारा नेमक्या त्या ताठ आणि मऊ भागाच्या सीमेवर एकेक करून तुटतात. भुईबावड्याचा घाट चार वेळा उतरला-चढला की धक्के म्हणजे काय ते कळतं. आणि तिसरं, नेहमीचं कथील-शिशाचं सोल्डर १८३ अंशाला वितळायला लागतं. म्हणजे सांधा खरोखरच जास्त तापला, तर ज्याच्या जिवावर तो उभा आहे तेच पातळ होणार.

याउलट योग्य डाय लावून हायड्रॉलिक टूलने दाबलेलं थिंबल. तिथे कित्येक टनांच्या दाबाखाली नळी आणि तारा एकमेकांत अक्षरशः चेपल्या जातात. तारांवरचा ऑक्साइडचा पापुद्रा फाटतो आणि स्वच्छ तांब्याला स्वच्छ तांबं भिडतं. मधे हवा उरत नाही, त्यामुळे पुढे गंज धरायला वावच राहत नाही. असा सांधा कापला की आत गोल तारा दिसत नाहीत. त्या चेपून मधमाशांच्या पोळ्यासारख्या कोनदार झालेल्या असतात आणि सगळं मिळून एकच भरीव तांबं वाटतं. छिन्नीच्या घावाने हे होत नाही. घाव एका जागी बसतो आणि बाजूला दोन पोकळ्या ठेवून जातो.

मग असं टूल कोल्हापुरात कुठे मिळायचं? उत्तर फार सोपं निघालं. बॅटरीच्या दुकानात कमी, पण एमआयडीसीत कारखान्यांची कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्यांकडे हमखास. त्यांचं रोजचं कामच ते. आम्ही केबल आणि थिंबलं घेऊन अशाच एका पॅनेलवाल्यांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "केबल किती स्क्वेअर, आणि थिंबल त्याच साइजचं आहे काय?" दुसरा प्रश्न, "बोल्ट आठचा का दहाचा?" तीस वर्षांचा अनुभव यांच्याकडेही होता, फक्त तो आमच्या उपयोगाच्या जागेवरचा होता. पाऊण तासात सगळी थिंबलं दाबून झाली. एक जास्तीचं दाबून घेतलं आणि तिथेच कापून बघितलं. भरीव. गाडीत बसवून, त्याच शेगडीवर, पुन्हा मोजलं: ८ मिलिव्होल्ट. सव्वा वॅट. पाऊण तास रस्सा उकळला आणि थिंबलाला हात लावला, तर ते जेमतेम कोमट.

ज्यांना हे काम करून घ्यायचंय त्यांच्यासाठी आमच्या अनुभवाचं सार सांगतो. थिंबल केबलच्याच मापाचं घ्या. तारा जात नाहीत म्हणून तारा कापणं आणि थिंबल मोठं झालं म्हणून त्यात तारेचे तुकडे कोंबणं, दोन्ही पापं सारखीच. कोकणात जाणार असाल तर खाऱ्या हवेसाठी कथिलाचा मुलामा दिलेलं तांब्याचं थिंबल घ्या. केबल स्वस्त मिळाली तर एक तार चाकूने खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, परत करा. स्लीव्ह चढवायच्या आधी सांधा डोळ्यांनी बघा, कारण स्लीव्ह म्हणजे मेकअप, तिच्याखाली सगळेच सुंदर दिसतात. थिंबलचं पान थेट बॅटरीच्या टर्मिनलला भिडलं पाहिजे, वॉशर त्याच्या वर. पान आणि टर्मिनल यांच्यामध्ये स्टीलचा वॉशर घातला तर इतकी मेहनत करून दाबलेल्या सांध्याशेजारी नवा वाईट सांधा आपण स्वतःच तयार केला म्हणून समजा. आणि शेवटी पूर्ण लोड टाकून मोजा. शंभर अँपिअरला दहा मिलिव्होल्टच्या आत असेल तर निवांत झोपा.

यावर मित्रमंडळींकडून दोन आक्षेप आले. पहिला खर्चाचा. गाडी, बॅटरी, इन्व्हर्टर, सोलर यांवर लाखांत खर्च करणारा माणूस थिंबलं दाबून घ्यायला काचकूच करतो, याला हिशेब म्हणत नाहीत. शिवाय जास्तीचं एक थिंबल कापून बघायचा खर्च एखाद्या संध्याकाळच्या मिसळीएवढा. बॅटरीचं ब्लूटूथ असलेलं मॉडेल घ्यायला आपण जादा पैसे मोजतो, कारण ते ॲप चारचौघांना दाखवता येतं. दाबलेलं थिंबल कुणाला दाखवणार?

दुसरा आक्षेप जास्त भावनिक. 'अरे, जुगाडावर तर कोल्हापूर उभं आहे. हत्यारं नव्हती तेव्हाही इथल्या लोकांनी काय काय केलं!' हे मला मान्य नाही. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमाराला सिनेमाचा कॅमेरा इथेच घडवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. त्याला जुगाड म्हणणं हा त्यांचा अपमान आहे. कॅमेऱ्यात फिल्म दर वेळी बरोब्बर एका चौकटीएवढी सरकून थांबावी लागते. जराशी कमीजास्त सरकली तरी पडद्यावरचं चित्र थरथरतं. तिथे 'चालतंय की' चाललंच नसतं. बाहेरून यंत्र विकत घेता येत नव्हतं म्हणून त्यांनी ते हाताने बनवलं, पण माप सोडलं नाही. जुगाडात पहिला बळी मापाचाच जातो. कोल्हापूरच्या लेथवर, फाउंड्रीत, सराफकट्ट्यावर जे नाव मिळवलंय ते माप सांभाळणाऱ्या हातांनी मिळवलंय. 'चालतंय की' हे त्या हातांचं सुटीच्या दिवशीचं बोलणं आहे. कामाच्या दिवशी ते असं बोलत नाहीत.

जुन्या गॅरेजमधल्या मिस्त्रींना मित्राने कापलेली दोन्ही थिंबलं नेऊन दाखवली. वाद घालायला नाही, नुसती दाखवायला. त्यांनी चष्मा लावून दोन्ही उलटीपालटी करून बघितली, बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग विचारलं, "ह्ये दाबायचं हत्यार केवढ्याला येतं?" मला वाटतं, आपल्या ऑफिसातल्या कित्येक सिनिअर लोकांनी हा प्रश्न विचारायला अजून एक पिढी घेतली असती.

असो. कॅम्परव्हॅन नसणाऱ्यांसाठी एक घरगुती काम सांगून थांबतो. तुमच्या घरच्या इन्व्हर्टरचा सांधा या रविवारी बघून घ्या. त्यासाठी काही उघडायची गरज नाही. मुद्दाम मेन स्विच बंद करा, पंखे-दिवे दहा-पंधरा मिनिटं इन्व्हर्टरवर चालू द्या. मग हातातली अंगठी-कडं काढून ठेवा, इन्व्हर्टर बंद करा आणि केबल थिंबलजवळ, प्लास्टिकवरून, हाताने चाचपून बघा. दोन केबलींपैकी एक दुसरीपेक्षा गरम लागली, किंवा टोकाला हिरवी-पांढरी पावडर जमलेली दिसली, तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. तो बघून 'काही नाही हो, चालतंय' म्हणाला तर चहा पाजा, आणि मिलिव्होल्ट मोजून दाखवायला सांगा.